शहरजाद वाचली ती फक्त गोष्ट अर्धवट सोडून नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: 'अरेबियन नाइट्स' म्हणजे 'एक हजार एक रात्री' या ग्रंथातली शहरजाद रोज पहाटे गोष्ट ऐन रंगात आली की थांबायची, राजाला पुढचं ऐकायचं असायचं म्हणून तिचा जीव वाचायचा, इतकंच आहे ना ते? मग यात एवढी हुशारी कसली? आणि गोष्ट सांगून स्वतःला वाचवणारी ती एकटीच आहे का, की अजून कोणी नायिका आहेत? शिवाय ही गोष्ट मोठ्या माणसांसमोर स्टेजवर सांगायची आहे, तर कुठून धरावी?

मी बावीस वर्षं गोष्टी सांगतेय, म्हणजे पुस्तक हातात न घेता, समोर माणसं बसवून, आणि शहरजादची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय की आता ती मला घरातल्या माणसासारखी वाटते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा वगैरे घेऊन बसा.

आधी त्या "अर्धवट सोडण्या"बद्दल. सगळे तेच सांगतात, सस्पेन्स म्हणतात, वेब सिरीजच्या एपिसोडसारखं म्हणतात. पण जरा विचार करा ना, समोरचा माणूस राजा आहे. त्याच्या एका शब्दावर मुंडकं उडतं. त्याला पुढचं ऐकायचंच असेल तर तो म्हणू शकतो की थांबायचं नाही, आत्ताच्या आत्ता संपव, आणि मग संपल्यावर वजीर आहेच बाहेर उभा. त्याला अडवणारं कोण आहे? तरी तो तसं करत नाही. का करत नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गोष्ट कुठे तोडली यात नाहीये, गोष्ट सुरू कशी झाली यात आहे.

ज्यांना बाहेरची चौकट नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगते. शहरयार राजाला बायकोने फसवलं, त्याच्या धाकट्या भावाचं, समरकंदच्या शाहजमानचं, तेच झालं. त्यावर शहरयारने ठरवलं की रोज एका मुलीशी लग्न करायचं आणि सकाळी तिला मारून टाकायचं. असं चालू राहिलं, शहरातल्या मुली संपत आल्या, आणि तेव्हा वजिराची थोरली मुलगी शहरजाद आपण होऊन बापाला म्हणाली की मला त्याला द्या. आपण होऊन, हे विसरायचं नाही. ती सापळ्यात सापडलेली नाहीये, ती चालत आत गेलीय. एक तर मी जगेन, नाहीतर बाकीच्या मुलींच्या सुटकेसाठी माझा जीव जाईल, असं ती बापाला स्पष्ट सांगते.

आता गंमत बघा, या अख्ख्या ग्रंथात जीव वाचवण्यासाठी सांगितलेली पहिली गोष्ट शहरजादची नाहीच. ती तिच्या बापाची आहे. मुलीने जाऊ नये म्हणून वजीर तिला बैल आणि गाढवाची गोष्ट सांगतो. गाढव बैलाला सल्ला देतं की आजारी पडल्याचं नाटक कर, बैल ते करतो, आणि मग मालक गाढवालाच नांगराला जुंपतो. तात्पर्य काय, तर दुसऱ्याचं भलं करायला जाशील तर तूच मरशील. बाप तेवढ्यावर थांबत नाही, पुढे जोडून सांगतो की त्या मालकाने हट्टी बायकोला कसं बडवून सरळ केलं, आणि तुलाही तसंच करीन म्हणतो. आणि मुलगी काय करते? अशा गोष्टींनी माझं मन बदलणार नाही, म्हणाल तर अशा कितीतरी मलाही येतात, असं म्हणून मोकळी होते.

मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. बापाची गोष्ट वाईट नाहीये, मजेदार आहे उलट, प्राण्यांची भाषा कळणारा मालक, शहाणा कोंबडा, सगळं आहे त्यात. मग फसली का? कारण ती ऐकणाऱ्याच्या अंगावर फेकलीय. तू म्हणजे ते गाढव, हे बाप तोंडाने सांगतो. ज्याला कळतं की ही गोष्ट मला शिकवायला सांगताहेत, तो माणूस ऐकणं बंद करतो, मग मुलगी असो की राजा. शहरजादने तो धडा दारातच घेतला आणि आत जाऊन बरोबर उलटं केलं.

उलटं म्हणजे काय केलं ते आता जवळून बघू. राजा जवळ येतो तेव्हा ती रडते आणि म्हणते माझी एक धाकटी बहीण आहे, तिचा निरोप घ्यायचाय. राजा बहिणीला बोलावतो. दुन्याझाद येते, पलंगाच्या खाली झोपते. मध्यरात्र होते, राजाचं झालं की धाकटी खाकरते आणि म्हणते, ताई, झोपली नसशील तर तुझ्या त्या छान छान गोष्टींमधली एखादी सांग ना, रात्र तरी सरेल, उद्या तुझं काय होणार आहे मला माहीत नाही. मग शहरजाद राजाकडे वळते. "परवानगी आहे का?" आणि राजा म्हणतो, हो.

एवढंच आहे. पण या चार वाक्यांत सगळं झालेलं आहे. एक तर गोष्ट राजाने मागितली नाही आणि शहरजादने देऊ केली नाही, मागितली तिसऱ्याच माणसाने. म्हणजे राजा हा श्रोता नाहीच मुळी, तो बाजूला पडून कानावर येतंय ते ऐकतोय, त्याला कोणी काही शिकवत नाहीये, त्यामुळे त्याला सावध व्हायचं कारणच नाही. दुसरं, इतके दिवस ज्या खोलीत दोनच माणसं असायची, एक मारणारा आणि एक मरणारी, तिथे आता साक्षीदार आला. आणि तिसरं, जो माणूस या खोलीत मरणाशिवाय दुसरं काही देत नव्हता त्याच्या तोंडून पहिल्यांदा "हो" निघालं, परवानगी निघाली, आणि परवानगी दिलेल्या गोष्टीचा माणूस थोडा का होईना मालक होतो.

मी सुरुवातीची कित्येक वर्षं दुन्याझादला गाळून ही गोष्ट सांगायचे. वेळ वाचवायला. वाटायचं काय काम आहे त्या बहिणीचं, नुसतं ताई सांग ना म्हणते. प्रयोग व्हायचा, लोक टाळ्या पण वाजवायचे, पण आतून काहीतरी सैल वाटायचं. एकदा कार्यक्रम झाल्यावर नववी-दहावीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, पण पहिल्या रात्री राजाने ऐकलंच का? त्याला तर गोष्ट नकोच होती. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुन्हा वाचायला बसले आणि तेव्हा कळलं की उत्तर मीच कापून टाकलेलं आहे. तेव्हापासून बहीण माझ्या सांगण्यात असतेच, तिचा आवाज, तिचं खाकरणं सुद्धा.

आणि हे माझं एकटीचं खूळ नाही, जुने पुरावे पण तेच सांगतात. या ग्रंथाचा आज हातात असलेला सगळ्यात जुना तुकडा नवव्या शतकातला कागद आहे, इजिप्तहून आलेला, शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये (२०२३ पासून या संस्थेचं नाव बदललंय) ठेवलेला, नाबिया अॅबट या विदुषीने १९४९ साली तो छापून प्रसिद्ध केला. त्याच कागदाच्या मोकळ्या जागेत नंतर कोणीतरी लिहिलेल्या मजकुरावर इ.स. ८७९ च्या बरोबरीची तारीख आहे, म्हणजे मूळ मजकूर त्याच्याही आधीचा. त्यावर काय उरलंय? ग्रंथाचं नाव, आणि सुरुवातीच्या ओळी, ज्यात दिनाजाद नावाची बाई म्हणते की झोपली नसशील तर कबूल केलेली गोष्ट सांग, आणि माणसातला उदारपणा आणि कंजूसपणा, शौर्य आणि भित्रेपणा, लबाडी आणि मूर्खपणा यांचे दाखले दे. गोष्टी गेल्या, राजा गेला, आणि काळाने जपून ठेवलं ते गोष्ट मागणारीचं वाक्य. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

पुढे दहाव्या शतकाच्या शेवटी बगदादच्या इब्न अल-नदीमने आपल्या ग्रंथसूचीत 'हजार अफसान' या फारसी पुस्तकाची माहिती दिली, त्यातही शहरजाद आहे आणि तिला मदत करणारी दिनारजाद आहे, फक्त तिथे ती बहीण नाही, राजाच्या घरची कारभारीण आहे. (त्याला स्वतःला ते पुस्तक काही आवडलं नव्हतं, भिकार म्हणून ठेवलंय त्याने.) म्हणजे नातं बदललं, नाव थोडं थोडं बदललं, पण मागणारी जागेवर आहे.

आता शहरजाद पहिली गोष्ट कोणती सांगते ते बघा, कारण इथे तिची खरी अक्कल दिसते. एक व्यापारी प्रवासात झाडाखाली बसून खजूर खातो आणि बी भिरकावतो. लगेच तलवार घेऊन एक राक्षस, जिन्न, उभा राहतो, म्हणतो तुझ्या बीने माझा मुलगा मेला, मी तुला मारणार. व्यापारी म्हणतो अहो मला दिसला पण नाही तो, चुकून झालं. जिन्न म्हणतो, नाही, मारणारच. तलवार उचलतो. आणि पहाट होते.

राजा काय ऐकतोय लक्षात येतंय का? ज्याने काही केलं नाही अशा माणसाला एक रागावलेला बलवान जीव मारायला निघालाय, आणि तलवार हवेत आहे. तीच खोली, तीच तलवार. पण कुठेही "महाराज, तुम्ही पण असंच करता" नाही. मग पुढच्या रात्री व्यापारी मुदत मागतो, घरच्यांचा निरोप घेऊन वेळेवर परत येतो (हे पण बघा, दिलेला शब्द पाळणारा माणूस), तिथे तीन म्हातारे भेटतात आणि ते जिन्नला म्हणतात की आमची गोष्ट याच्यापेक्षा अजब वाटली तर याच्या रक्तातला एक तृतीयांश हिस्सा आम्हाला सोड. गोष्टीच्या बदल्यात रक्त! ती राजाला पहिल्याच गोष्टीत व्यवहाराचे नियम सांगून टाकते, बघा असा सौदा असतो, मोठमोठे जिन्न तो मान्य करतात.

अजून एक गोष्ट, ती फार कमी लोकांच्या ध्यानात येते. त्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी कोणाच्या आहेत? पहिल्याच्या हातात हरणी आहे, ती त्याची बायको, तिने जादूने सावत्र मुलाला वासरू केलेलं. दुसऱ्याकडे दोन काळी कुत्री, ते त्याचे दगाबाज भाऊ. तिसऱ्याकडे खेचर, आणि छापील प्रतींत ती त्याची व्यभिचारी बायको निघते. म्हणजे शहरजाद राजाला "बायका चांगल्या असतात हो" असं पटवायला जातच नाही. तो ज्यावर विश्वास ठेवून बसलाय तेच ती त्याच्यासमोर ठेवते, हो महाराज, दगा देणाऱ्या असतात, भाऊही दगा देतात. फक्त एक बारीक फरक, यातलं कोणीही मेलेलं नाहीये. शिक्षा झालीय, मालकाबरोबर फिरताहेत, पण जिवंत आहेत. पहिलं माप तिने राजाच्या बाजूने टाकलं आणि तराजू किंचित हलवला. मला विचाराल तर संपूर्ण ग्रंथातली सगळ्यात धीट चाल हीच.

मग मासे धरणारा कोळी आणि जिन्न यांची गोष्ट. जिन्न हंड्यात शेकडो वर्षं कोंडलेला, आधी म्हणायचा जो सोडवेल त्याला श्रीमंत करीन, कोणी आलं नाही, चिडला, शेवटी शपथ घेतली की जो सोडवेल त्याला ठार करीन. दुखावलं एकाने, शिक्षा भलत्यालाच, आणि तीही मदत करायला आलेल्याला. आणि त्याच्या पोटात युनान राजा आणि दुबान हकिमाची गोष्ट, ज्यात राजा आपल्याला बरं करणाऱ्या शहाण्या माणसाला मारतो आणि त्याच माणसाने दिलेल्या पुस्तकाची चिकटलेली पानं थुंकी लावून उलटता उलटता विष चढून मरतो. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याला ही गोष्ट सांगायची! पण आता ती सांगू शकते, कारण ती शहरजाद सांगतच नाहीये, गोष्टीतला कोळी हंड्यातल्या जिन्नला सांगतोय. एकात एक गोष्टी ठेवण्याचा उपयोग हा आहे, सजावट नाही ती, जितकं खोल जाल तितकं धारदार बोलता येतं.

बाकी १००१ या आकड्याबद्दल जास्त डोकं शिणवू नका. रात्र म्हणजे गोष्ट नव्हे, एक गोष्ट कितीतरी रात्री चालते. फ्रेंच पंडित आंत्वान गालाँने ज्या जुन्या सीरियन हस्तलिखितावरून काम केलं, ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, त्यात २८२ च्या आसपास रात्री आहेत आणि शेवट नाहीच, मधेच तुटतं. गालाँचा अनुवाद १७०४ ते १७१७ मध्ये बारा खंडांत आला, आणि अलादीन, अलीबाबा या गोष्टी त्याला १७०९ साली अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने तोंडी सांगितल्या, गालाँच्या आधीच्या कोणत्याही अरबी हस्तलिखितात त्या सापडलेल्या नाहीत. म्हणून स्टेजवर शहरजादच्या तोंडी अलादीन घालू नका एवढंच म्हणेन, तिची चाल त्या गोष्टीत नाहीये.

आता दुसरा प्रश्न, ती एकटीच का? अजिबात नाही, आणि तिची एक बहीण तर आपल्याच पूर्वजांच्या भाषेत बसलेली आहे, महाराष्ट्री प्राकृतात. उत्तराध्ययन सूत्र या जैन धर्मग्रंथावर देवेंद्र नावाच्या आचार्यांनी अकराव्या शतकात भाष्य लिहिलं, त्यात कनकमंजरीची कथा आहे. ही चित्रकाराची मुलगी. राजवाड्यातल्या चित्रशाळेच्या फरशीवर तिने मोरपीस रंगवलं, इतकं हुबेहूब की जितशत्रू राजा उचलायला वाकला आणि त्याचं नख दुखावलं. ती हसली आणि म्हणाली, मूर्खांच्या खाटेला तीन पाय मिळाले होते, चौथा आज मिळाला. राजाला सांगते हे! राजा भुलला आणि लग्न झालं.

पण राजाला राण्या पुष्कळ, आणि रोज एकीची पाळी. कनकमंजरीची पहिली पाळी आली तेव्हा तिने मदनिका दासीला आधीच पढवून ठेवलं. राजा आडवा झाला की मदनिका म्हणते, बाईसाहेब, एक गोष्ट सांगा ना. कनकमंजरी म्हणते, थांब गं, महाराजांना झोप लागू दे, मग सांगते. झालं! राजा डोळे मिटून झोपेचं सोंग घेतो. आता तो चोरून ऐकतोय. शहरजादच्या राजाने निदान परवानगी दिली होती, इथे तर राजा आपल्याच महालात कान टवकारून पडलाय. आणि ती सांगते काय, तर एकाने एक हात उंचीचं देऊळ बांधलं आणि त्यात चार हातांचा देव बसवला. मदनिका म्हणते, एक हाताच्या देवळात चार हातांचा देव मावेल कसा? कनकमंजरी म्हणते, आता झोप आलीय, उद्या सांगते. दुसऱ्या रात्री राजा पुन्हा तिच्याकडेच. उत्तर काय, तर देवाला हात चार होते, उंची नाही म्हटली मी. आणि लगेच नवीन कोडं. असे सहा महिने. बाकीच्या राण्या जळल्या, चेटूक करते म्हणाल्या, पण शेवटी राजाने तिलाच पट्टराणी केलं.

इथे मान कापली जाणार नाहीये, बरोबर आहे, पण एका कारागिराची मुलगी इतक्या राण्यांच्या वाड्यात विसरली गेली असती तर तेही एक प्रकारचं संपणंच होतं. आणि रचना बघा, तीच आहे, मागणारी वेगळी, ऐकणारा वेगळा.

युरोपातल्या गोष्टींत ही युक्ती वेगळ्या वेषात येते. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहात दरोडेखोर नवरदेवाची गोष्ट आहे. पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी, लग्न ठरलेल्या माणसाच्या जंगलातल्या घरी जाते, तिथली म्हातारी तिला पिंपामागे लपवते, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो आणि त्याचे साथीदार दुसऱ्या एका मुलीला मारतात, तिचं अंगठीसकट तुटलेलं बोट उडून हिच्या मांडीवर पडतं. ती निसटते. घरी येऊन बापाला सगळं सांगते, पण नवरा चारचौघांत उघडा पडायला हवा. तर लग्नाच्या पंगतीत एकेक जण काहीतरी सांगतोय, ही गप्प. नवराच म्हणतो, तू काहीच नाही का सांगत? तेव्हा ती म्हणते, एक स्वप्न सांगते. आणि जसंच्या तसं सगळं सांगत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून म्हणते, "माझ्या राजा, स्वप्नच होतं हो ते." पुन्हा पुढे. पुन्हा, स्वप्नच होतं ते. आणि शेवटी, हे बघा बोट.

मी ही गोष्ट सांगते तेव्हा "स्वप्नच होतं" हे वाक्य दर वेळी आवाज थोडा खाली आणून म्हणते, आणि समोरची माणसं श्वास धरतात ते ऐकू येतं. बघा, पुन्हा परवानगी दुसऱ्याच्या तोंडून, आणि या वेळी तर गुन्हेगाराच्याच. पुन्हा आडोसा. आणि साक्षीदार म्हणून सगळी पंगत, ज्यांनी त्याला जागेवरच धरलं.

शहरजाद आणि ही, यांच्यात एक मोठा फरक मात्र आहे. शहरजाद स्वतःची गोष्ट कधीच सांगत नाही. ही स्वतःचीच सांगते, फक्त स्वप्नाच्या नावाखाली. या दुसऱ्या जातीच्या नायिका पुष्कळ आहेत. ग्रिमचीच हंस राखणारी राजकन्या, तिला शपथ घालून गप्प केलंय की कोणाही माणसाला सांगायचं नाही, तर म्हातारा राजा म्हणतो, माणसाला नको, त्या लोखंडी शेगडीला सांग. ती आत शिरून रडत रडत शेगडीला सांगते आणि राजा बाहेर धुराड्याच्या नळीला कान लावून उभा. शपथ मोडली नाही आणि गोष्ट पोचली.

इराणी लोककथांमधला सबुरीचा दगड, संग-ए-सबूर, हा तर मला सगळ्यात जवळचा. एक मुलगी निश्चेष्ट पडलेल्या राजपुत्राच्या अंगातल्या सुया एकेक करून काढते, कितीतरी दिवस, आणि शेवटची सुई राहिलेली असताना तिच्या जागी दुसरीच येऊन बसते, तीच काढते, राजपुत्र जागा होतो आणि तिच्याशीच लग्न करतो. खरी मुलगी दासी होऊन राहते. राजपुत्र प्रवासाला निघतो, सगळ्यांना विचारतो काय आणू, ही म्हणते सबुरीचा दगड आणा. तो आणतो. रात्री ती दगड समोर ठेवून पहिल्यापासून सगळं सांगते आणि मधे मधे विचारते, दगडा, तू जास्त सोशिक की मी? दगड फुगत जातो. आता तू फुट नाहीतर मी फुटते. राजपुत्र दाराआड ऐकतोय. बाईचं दुःख ऐकून दगडाला तडा जातो आणि मग कुठे माणसाला कळतं, ही प्रतिमा ज्यांनी घडवली त्यांनी किती बायकांना रात्री एकट्या बोलताना ऐकलं असेल.

एक मात्र सांगते, या प्रकारच्या गोष्टीत जागा बळकावणारी बहुतेक वेळा गुलाम मुलगी असते. इटालियन लेखक बाझिलेच्या १६३४ ते ३६ मध्ये नेपल्सला छापलेल्या पन्नास गोष्टींच्या चौकटीतही तेच, झोझा राजकन्या सगळ्यात शेवटी गोष्ट सांगायला बसते आणि स्वतःचीच सांगून गुलाम बाईला उघडं पाडते. त्या गुलाम मुलीची बाजू कोणी विचारत नाही, आणि तिचा रंग वगैरे जे वर्णन जुन्या पाठात येतं ते मी सांगताना उचलत नाही, तुम्हीही उचलू नका.

आणि गोष्ट सांगणं म्हणजे चांगलंच काम असतं असंही धरून चालू नका. सात वजिरांची जुनी कथा आहे, तिथे राणी रोज गोष्टी सांगते त्या राजपुत्राला मारून टाकण्यासाठी, आणि वजीर सांगतात त्याला वाचवण्यासाठी, राजा बिचारा एकदा इकडे एकदा तिकडे. शुकसप्ततीमध्ये पोपट सत्तर रात्री गोष्टी सांगून प्रभावतीला बाहेर जाण्यापासून थोपवतो. हत्यार तेच, हात वेगळे.

आता स्टेजचं. सुरुवातीच्या व्यभिचाराच्या प्रसंगावर रेंगाळू नका, दोन-तीन वाक्यांत संपवा, नाहीतर प्रेक्षकांचं मन तिथेच अडकतं आणि राजाचा राग खरा वाटायला लागतो. बापाची बैल-गाढवाची गोष्ट मात्र पूर्ण सांगा, अगदी रंगवून, लोक हसू देत, आणि मग शहरजादचं "नाही" एकदम शांतपणे येऊ द्या. दुन्याझादला वेगळा आवाज द्या, झोपाळू, जरा घाबरलेला. व्यापाऱ्याची गोष्ट तलवारीपर्यंत न्या आणि तिथे खरंच थांबा, "पहाट झाली आणि शहरजाद गप्प झाली" म्हणा आणि पाच सेकंद काही बोलू नका. पाच सेकंद फार मोठे असतात, भरून काढायचा मोह होईल, हात खाली सोडून उभे राहा. मग धाकटी म्हणते, ताई किती छान गोष्ट आहे, आणि शहरजाद म्हणते, मला राजाने जिवंत ठेवलं तर उद्या सांगेन त्यापुढे ही काहीच नाही. राजा मनात म्हणतो, पुढचं ऐकल्याशिवाय नाही मारायचं हिला. बाहेर वजीर मुलीचं कफन काखेत घेऊन उभा आहे, राजा दरबारात जातो, दिवसभर कारभार बघतो, आणि संध्याकाळ होते तरी वजिराला हुकूम येत नाही. हा दिवस नक्की सांगा, बहुतेक लोक थेट दुसऱ्या रात्रीवर उडी मारतात.

शेवटाचं म्हणाल तर नंतरच्या छापील प्रतींत तीन मुलगे येतात, एक चालणारा, एक रांगणारा, एक अंगावर पिणारा, ती म्हणते या पोरांसाठी तरी मला सोडा, आणि राजा म्हणतो, ही मुलं यायच्या आधीच मी तुला सोडलं होतं. कधी सोडलं, कितव्या रात्री, ते तो सांगत नाही. मी प्रयोगात तिथवर जात नाही, दुसऱ्या रात्रीवर संपवते, अंधार, पलंगाखालून खाकरण्याचा आवाज, आणि "ताई, झोपलीस का?"